चाळीस दिवस पेरूच्या झाडावर

"आई, तूच काहीतरी दाबलं असशील."

खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे वाक्य गच्चीवर आलं, तेव्हा माझे हात कोपरापर्यंत गव्हात होते. जुनी चादर, चादरीवर गव्हाची रास आणि तळव्यांना एरंडेल. गव्हाला एरंडेल लावायचं म्हणजे दाणे दोन्ही हातांत घेऊन चोळत राहायचं. प्रत्येक दाण्याला स्पर्श झाला पाहिजे आणि एकही दाणा ओला दिसता कामा नये. माझे हात थांबलेले आईनं पाहिले.

"हात चालव न मनू, काय ऐकून राहिली?"

मी हात चालवले. खाली नितीनदादा पुन्हा म्हणाला, या वेळी हळू, लहान मुलाला समजावतात तसं, "अपने आप थोडीच डिलीट होईल ते?" आणि मग त्याच्या आईचा, मालूकाकूंचा आवाज आला. "हो रे, दाबलं असेल. मला आठवत नाही न."

त्यांनी काहीही दाबलं नव्हतं. हे त्या अख्ख्या गल्लीत फक्त मला माहीत होतं.

यंदाही नवा गहू आला आहे. हातोद गावाकडून येणारे टेम्पो आमच्या अन्नपूर्णेच्या देवळाकडच्या गल्ल्यांतून फिरू लागले की हवेत एक कोरडा, पिवळा वास भरतो. नाकात बारीक भूस जातं आणि सगळा मोहल्ला शिंकत असतो. दुपारी लू चालते, अंग भाजणारा वारा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरच्या ओल्या खसचा, वाळ्याचा वास आणि त्या सगळ्यावर एरंडेलाचा थर. तो हातांना आठवडाभर सोडत नाही. आत्ता हे टाइप करताना माझ्या की-बोर्डलासुद्धा लागला आहे. या वासानं इतरांना काय आठवतं माहीत नाही. मला दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल आठवतो, ज्यात मी जवळजवळ तीन आठवडे एक वाक्य तोंडात घेऊन फिरत होते.

पुण्यामुंबईच्या नातेवाइकांना नवल वाटतं, पण आमच्याकडे, या हिंदी मुलखात, अजून वर्षाचा गहू एकदम भरतात. कट्टे, म्हणजे गव्हाची पोती, उतरतात, बायका एकमेकींच्या गच्चीवर बसून तो निवडतात, ऊन देतात, एरंडेल लावतात आणि पत्र्याच्या कोठ्या भरतात. कोणाकडे किती कट्टे उतरले यावरून घराची खबर कळते. मुलगी सासरी गेली, एक कट्टा कमी. सून आली, एक जास्त. गहू भरणं म्हणजे पुढचं वर्ष आपण इथेच जेवणार आहोत, असं कोणालाही न सांगता सांगून टाकणं. आणि त्या वर्षी पुण्याहून आलेल्या नितीनदादानं ठरवून टाकलं, की आईचा गहू यंदा भरायचा नाही. घर बंद करायचं, तिला घेऊन जायचं. तिला एकटीला आता ठेवता येत नाही, तिच्या लक्षात राहत नाही.

मालूकाकू बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या एका मुलींच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. निवृत्त झाल्या, काका गेले, आणि आमच्या खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहू लागल्या. राहत मात्र अशा होत्या की एकटेपणाला घरात जागाच नसावी. सकाळी सातला रेडिओ, आठला पोळ्या, दहाला जिन्यावर कोणाशी तरी भांडण. मला लहानपणापासून त्यांच्यासमोर गप्प बसता येत असे. हे कौतुक आहे. बहुतेक लोकांसमोर गप्प बसलं की ते विचारतात, "बोलत का नाही?" काकू आपल्या बोलत राहत.

बागेचा खेळ त्यांच्या फोनमध्ये मीच टाकून दिला होता. त्याचं खरं नाव इंग्रजी आहे, ते राहू दे. काकू त्याला नुसतं 'बाग' म्हणत. खेळ फुकटचा. कोणी जिंकत नाही, कोणी मरत नाही. एक जमिनीचा तुकडा मिळतो, त्यात झाडं लावायची, विहीर खणायची, जनावरं पाळायची. सुरुवातीला आपलं पात्र निवडायचं, म्हणजे त्या बागेत जो कोणी 'आपण' म्हणून फिरणार तो.

"साडीवाली बाई पण आहे, काकू," मी म्हटलं होतं.

"साडीत झाडावर कशी चढू ग?" त्यांनी हाफ पँटमधला, विस्कटलेल्या केसांचा मुलगा निवडला. त्याला पेरूच्या झाडावर चढवलं आणि चष्मा वर करून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. मग विहिरीपाशी सहा शेळ्या आल्या. प्रत्येकीला काकूंनी आपल्या एकेका मुख्याध्यापिकेचं नाव दिलं. "या बघ खांडेकरबाई. चारा दिला तरी तोंड वाकडंच. आणि या दुसऱ्या, या सारख्या दुसऱ्याच्या वर्गात घुसत."

मला माहीत असलेली, पण काकूंना माहीत नसलेली गोष्ट ही, की तो खेळ बनवणाऱ्यांत मी होते.

असे खेळ कुठल्या एका कंपनीचे नसतात. त्यांचा कोड सगळ्यांसाठी उघडा असतो. जगात कुठेही बसलेली माणसं आपापल्या फावल्या वेळात त्यात ओळी घालतात, दुसऱ्यांच्या ओळी सुधारतात. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचून हो म्हणायचं, मग ते सगळ्यांच्या फोनवर जायचं. मी दिवसा एका ऑफिसचं टेस्टिंगचं काम घरून करत असे, आणि जेवणाच्या सुट्टीत हे. घरी सगळ्यांना ते एकच काम वाटे. लॅपटॉप उघडा आहे म्हणजे मनू ऑफिसमध्ये आहे.

तिथे मी मनू नव्हते. सुरुवातीला मुलीचं चित्र लावून एक प्रश्न विचारला होता, तर उत्तराऐवजी भलतेच निरोप आले. मग मी एक दाढीवाला, पगडीवाला म्हातारा लावला, एका जुन्या खेळातल्या पहारेकऱ्यासारखा. दुसऱ्या दिवसापासून लोक मला सर म्हणू लागले. दाढी मला मानवली. दाढीवाला वाद घालत असे, "हे बरोबर नाही" म्हणत असे, नवशिक्यांना धीर देत असे. वर्गात हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानासुद्धा ज्या मुलीचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचत नसे, तिच्या बोटांतून हे सगळं निघत होतं. आमच्या शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा, घरी इंग्रजी बोललं की आजोबा हसायचे, आणि गल्लीत हिंदी बोलावं तर मुलं म्हणायची, "अरे भिया, मॅडम आ गई." मी तीन भाषांत गप्प बसायला शिकले होते. दाढीवाल्याला चौथी जागा मिळाली होती.

लहानपणी गहू भरायच्या आधी आई मला रिकाम्या कोठीत उतरवत असे. तळ पुसायला मोठ्यांचा हात पोचत नाही, म्हणून घरातलं सर्वांत लहान मूल फडकं घेऊन आत. इतर मुलं रडत. मला आवडायचं. आत अंधार, पत्र्याचा गार वास, वर आकाशाचा गोल तुकडा. आणि आपला आवाज आपल्यालाच मोठा होऊन ऐकू येतो. बाहेरच्यांना मी दिसत नसे, पण मी काम करते आहे हे त्यांना ठाऊक असे. याहून चांगली व्यवस्था मी अजून पाहिलेली नाही. फक्त एक आहे, की आतून बाहेर आपलं आपल्याला येता येत नाही. कोणीतरी हात द्यावा लागतो.

चूक अशी झाली. खेळाच्या सर्व्हरवर जागा कमी पडू लागली होती. कितीतरी लोक दोन दिवस खेळून बाग सोडून देत, आणि त्या ओसाड बागा तशाच पडून राहत. त्या साफ करायचं काम मी संक्रांतीच्या सुमारास अंगावर घेतलं. सोडलेली बाग ओळखायची कशी? मी लिहिलं, की ज्या बागेतलं पात्र चाळीस दिवसांत एक पाऊलही चाललं नाही, ती बाग सोडलेली समजावी. घुबडाचं चित्र लावणाऱ्या कोणीतरी ते वाचलं, ठीक म्हटलं. होळीनंतर सफाई सुरू झाली.

काकूंचा बागेतला मुलगा पेरूच्या झाडावर होता. थंडीभर तो तिथेच होता. त्याला खाली कशाला आणायचं, वर बसलेला छान दिसतो, म्हणून काकू त्याला हलवतच नसत. झाडांना पाणी, शेळ्यांना चारा, हे सगळं नुसतं बोटानं करता येतं, त्यासाठी पात्राला चालावं लागत नाही. त्या रोज यायच्या, सगळं करायच्या, आणि तो वरून बघत बसायचा. माझ्या ओळीनं बोटांकडे पाहिलंच नाही. तिनं फक्त पावलं मोजली.

जो हलत नाही तो नाही. हा नियम लिहिला कोणी, तर जन्मभर कोपऱ्यात बसून बघत आलेल्या माणसानं.

बागा गेल्याची ओरड झाली तेव्हा कारण शोधायला मला वेळ लागला नाही. त्या जगात प्रत्येक ओळीमागे नोंद असते. ती कोणी लिहिली, कोणी मान्य केली, कधी. कोणालाही बघता येतं. मी बघितलं, दाढीवाल्याचा चेहरा होता. मी पाचव्या मिनिटाला इंग्रजीत लिहून टाकलं, की ही चूक माझी आहे, मी दिलगीर आहे, गेलेल्या बागा परत येणार नाहीत कारण जुन्या प्रतीही त्याच सफाईत गेल्या आहेत. घुबडानं खाली लिहिलं, मी वाचून हो म्हटलं होतं, तेव्हा अर्धी माझी. काही जण रागावले, काहींनी प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. संध्याकाळपर्यंत ओळ दुरुस्त झाली होती. मी लॅपटॉप मिटला. मला हलकं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी काकूंनी जिन्यातून हाक मारली. "मनू, जरा बघ न ग, माझी बाग कुठे गेली?"

फोन हातात घेतला. तपकिरी, मोकळी जमीन. पेरू नाही, विहीर नाही, सहांपैकी एकही बाई नाही. मधोमध तो मुलगा जमिनीवर उभा होता, हात खाली सोडून. मी म्हटलं, "बघते, काकू. नेटवर्कचं असेल." आणि वर निघून आले.

इथे सांगायला काय हरकत होती, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते. सगळ्या जगासमोर पाच मिनिटांत कबूल केलेली चूक मला एका बाईला जिन्यात सांगता आली नाही. पण जगासमोर मी कुठे होते? तिथे दाढीवाल्यानं माफी मागितली होती. त्याला आई नव्हती, शेजार नव्हता, त्याला उद्या जिन्यातून उतरायचं नव्हतं. इथे बोलायचं तर आधी सांगावं लागणार की तो मी आहे. मग आई विचारणार, कशाला, कधीपासून, आणि दाढी कशाला ग? ती माझी एकच खोली होती जिला घरातून दार नव्हतं. ती उघडायची माझी तयारी नव्हती. एवढंच कारण होतं. त्याहून मोठं काही नव्हतं.

मग नितीनदादा आला, आणि एका बागेची गोष्ट कुठच्या कुठे गेली. बाग गेली, म्हणजे हिनं काहीतरी दाबलं. दाबलं आणि आठवत नाही, म्हणजे विसरते. विसरते, म्हणजे मागच्या महिन्यात दूध उतू गेलं तेही त्यातलंच. म्हणजे बँकेचं हिच्यावर सोडता येणार नाही. म्हणजे गॅस. दादा वाईट माणूस नाही. तो खरोखर घाबरला होता. प्रत्येक 'म्हणजे' तो काळजीनंच म्हणत होता. पण त्या साखळीची पहिली कडी माझी होती, आणि घरात ओळींची नोंद ठेवणारी वही नसते. ज्याचा आवाज ठाम, त्याचं म्हणणं लिहिलं जातं.

काकूंनी ते स्वतःच लिहून घ्यायला सुरुवात केली. मी खाली वाटी परत करायला गेले, तर ओट्याच्या वर चिठ्ठी चिकटवलेली. 'गॅस बंद. पाहिला.' दारावर दुसरी. 'किल्ली.' भूगोलाच्या नकाशावर नावं लिहायचं त्यांचं टपोरं अक्षर. जिन्यावरची भांडणं बंद झाली. रेडिओ लागला की त्या तो बारीक करत, जणू कोणी बघायला येईल की हिनं चालूच ठेवला. दादानं एकदा जेवताना विचारलं, आज तारीख काय, आई? त्या गडबडल्या आणि चुकल्या. मी समोर होते. मलाही तारीख माहीत नव्हती, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

एका दुपारी पडदे ओढलेल्या खोलीत त्यांनी माझा हात धरला. "मनू, तू खरं सांगशील. मी विसरून राहिले आहे का?"

"नाही काकू. बिलकुल नाही."

"मग ते कसं गेलं?"

कूलर घरघरत होता. माझ्या जिभेवर वाक्य आलं, ते इंग्रजीत होतं. मराठीत आणायला गेले तर तुटलं. 'सॉरी' म्हणणार होते, पण तो शब्द आम्ही चहा सांडल्यावर वापरतो. मी म्हटलं, "होतं असं कधीकधी, काकू. सॉफ्टवेअर आहे न." त्यांनी माझा हात सोडला. सोडताना थोपटला. मी त्यांची समजूत घालते आहे, असं त्यांना वाटलं असणार. समजूत आजाऱ्याची घालतात.

त्या दिवशी वर येऊन मी सर्व्हरच्या नोंदी काढल्या. बागा गेल्या होत्या, पण बोटांच्या नोंदी वेगळ्या राहतात, त्या अजून होत्या. डिसेंबरपासून सफाईच्या दिवसापर्यंत, रोज सकाळी रेडिओच्या वेळेला, विहिरीचं पाणी, मग पेरू, मग शेळ्या. त्याच क्रमानं. मधे त्यांना चार दिवस ताप होता, मला आठवतं, आईनं खिचडी पाठवली होती. त्या चार दिवसांच्याही ओळी होत्या. मी ती यादी वाचत बसले. मग मिटून ठेवली. एवढा पुरावा हातात घेऊनसुद्धा मी आणखी आठ दिवस गव्हाला एरंडेल लावत बसले.

तीन आठवडे असे गेले. दाढीवाला तेवढ्या काळात दोनदा नवशिक्यांना जबाबदारीबद्दल समजावून आला. तो अजून आहे. मी काढलेला नाही.

शेवटचा टेम्पो आला तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील, आणि उन्हानं फरशी तापायला लागली होती. गहूवाला दरवर्षीचाच, डोक्याला गमछा, मुठीत दाणे घेऊन दारोदार दाखवणारा. "दाणो देखो बाई साब, दाणो. असो गऊँ पाछो नी मिलेगो." असा गहू पुन्हा मिळणार नाही, हे तो दर वर्षी सांगे. आईनं आमचे राहिलेले दोन कट्टे उतरवून घेतले. वरच्या मजल्यावरच्या वंदनाभाभी भाव करत होत्या. मालूकाकू फाटकाजवळ उभ्या होत्या. त्यांची कोठी गच्चीवर धुऊन, पालथी घालून, आठ दिवस उन्हात होती, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

"और माट साब का कित्ता?" गहूवाल्यानं विचारलं. काका जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो काकूंच्या घराला माट साबचं, म्हणजे मास्तरांचं, घर म्हणे.

"उनका नहीं उतारना है, भिया," नितीनदादा म्हणाला. "आई पूना जा रही है."

"हाय राम, काकीजी, सच्ची में?" वंदनाभाभींनी पदर सावरत विचारलं. "हमसे लड़ेगा कौन फिर?"

काकू हसल्या. सगळ्यांकडे एकदा बघून, वर्गात चुकलेलं उत्तर स्वतः दुरुस्त करावं तसं त्या म्हणाल्या, "हाँ, अब मैं भूलने लगी हूँ न. बच्चों को फिकर होती है."

गहूवाला मान हलवून टेम्पोचा मागचा फाळका वर करू लागला. कडी पत्र्यावर आपटली. आई माझ्याकडे बघत होती, कट्ट्याचं दुसरं टोक धरायला. मी धरलं नाही. प्रेझेंट म्हणताना शेजारच्या बाकापर्यंत न पोचणारा माझा आवाज निघाला तो इतका मोठा, की वंदनाभाभी दचकल्या.

"थांबा, भिया," मी म्हणाले. "दादा, काकूंची बाग मी पुसली. तो गेम जे लोक बनवतात न, त्यांत मी आहे, चार वर्षांपासून आहे, आणि ती लाइन मी लिहिली होती. माझी चूक होती. मला कळलं त्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी बोलले नाही. काकूंनी रोज पाणी घातलंय, दादा, तापात पण घातलंय, माझ्याकडे तारखा आहेत. एक दिवस पण नाही विसरल्या त्या."